कौशल्याबाईंचा साथी

माणसाच्या तोंडून 'हो' निघायला असा कितीसा वेळ लागतो? गुलाबरावांच्या तोंडून तो निघाला जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेआठला, सिव्हिक सेंटरच्या थांब्यावर, आणि निघून गेल्यावर त्यांचं त्यांनाच धस्स झालं. स्वेटर घातलेली एक मुलगी हातात यादी घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती. प्रणिता तिचं नाव. दृष्टी नसलेल्या लोकांची दर महिन्याची सहल हीच काढते, हे गुलाबरावांना डोळ्यांच्या दवाखान्यात कळलं होतं. ती म्हणाली, "अंकल, तुम्ही साथी ना? अच्छा हुआ आप आ गए, आज एक साथी कमीच पडून राहिला होता." साथी म्हणजे डोळस माणूस, न दिसणाऱ्याच्या सोबत चालणारा. आता गंमत बघा, गुलाबरावांच्या शर्टाच्या खिशात डॉक्टरांचा कागद चार घड्या घालून ठेवलेला होता. तो दाखवायचा आणि यादीत नाव लिहून घ्यायचं ते न दिसणाऱ्यांत, एवढ्यासाठी हा माणूस सेक्टर दहापासून पायी आला होता, वाटेत दोनदा ठेचकाळून. घरी बायकोला, भागाबाईंना, सांगितलं होतं, रिटायर लोकांची पिकनिक आहे. पण इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ, हातात काठी नाही. त्या मुलीची तरी काय चूक. "हो," गुलाबराव म्हणाले. लगेच तिनं एका बाईंचा हात आणून त्यांच्या कोपराला लावून दिला.

"उंच आहात," त्या बाई म्हणाल्या. "बरं झालं. मागच्या खेपेचा साथी माह्या खांद्याएवढा होता. दिवसभर वाकून चालली मी, घरी गेल्यावर कंबर धरली." ह्या कौशल्याबाई. दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, साठीच्या आसपासच्या, जन्मापासून दृष्टी नसलेल्या. शाळेत गाणं शिकवून आता घरी बसलेल्या. घरी म्हणजे भावाच्या घरी. डाव्या हातात पांढरी काठी, उजवा हात गुलाबरावांच्या कोपरावर. हात हलकाच होता, नुसता टेकलेला, पण गुलाबरावांना त्याचं वजन खांद्यापर्यंत जाणवलं. किती दिवसांत कुणी त्यांच्या आधारानं उभं राहिलं नव्हतं. घरी उलटच चाललं होतं. भागाबाई आजकाल स्टुलं भिंतीला सरकवून ठेवत आणि वरून विचारत, "ध्यान कुठं असते तुमचं?" ध्यान जागेवरच होतं हो, डोळे जागेवर नव्हते. काचबिंदूनं कडा खाल्ल्या होत्या. कागदाची सुरळी करून डोळ्याला लावावी तेवढं मधलं दिसायचं, आणि तेवढं मात्र लख्ख दिसायचं, म्हणून तर कुणाला पत्ता लागत नव्हता. पेपर वाचायचा हा माणूस. आणि पेपर वाचून उठला की दाराच्या चौकटीवर आपटायचा.

बस सुटायच्या आधी प्रणितानं साथींना गोळा करून एक नियम सांगितला, आणि तो नियम ऐकताना तरी गुलाबरावांनी तोंड उघडायला पाहिजे होतं. "रास्ते में 'सांभाळा, सांभाळा' ओरडायचं नाही," ती म्हणाली. "ये कौशल्या आंटी का रूल है." कौशल्याबाई तिथूनच म्हणाल्या, "मग काय तर. चौदा जण चाललो की चौदा जणांवर ओरडत राहते हे लोक. सारा बाजार पाहाते, काचेचं सामान चाललं म्हणून." तर रीत अशी ठरली होती की पुढे अद्वैत चालणार. कॉलेजात शिकवणारा तिशीतला माणूस, प्रणिताच्या ग्रुपमधला जुना साथी. खड्डा आला, पायरी आली की त्यानं नुसता हात आडवा करायचा, मागच्या साथींनी तो बघायचा आणि आपापल्या माणसाला कानात सांगायचं. हातानं खूण. गुलाबरावांच्या छातीत काहीतरी ओळखीचं हललं. पोलादाच्या प्लांटमध्ये अडतीस वर्षं त्यांनी ह्यावरच काढली होती. वर क्रेनची केबिन, खाली सिग्नल देणारा माणूस, मधे आवाजाचा असा कल्लोळ की स्वतःची शिंक ऐकू येत नाही. तो खालचा हात म्हणजेच तुमचे डोळे. हात वर की उचला, हात आडवा की थांबा, दुसरं काही बघायचं नाही, दुसऱ्या कुणाचं मानायचं नाही. हे काम मला येतं, असं त्यांना वाटून गेलं. खरंच वाटलं. सुरळीचं भोक तेवढ्यापुरतं ते विसरले.

बसमध्ये कौशल्याबाई खिडकीशी बसल्या, काच उघडी ठेवून, थंडीची पर्वा न करता. वाऱ्यात काय काय आहे ते सांगत होत्या: हे भट्टीचं, हे भज्यांच्या तेलाचं, ही दुर्गची हद्द लागली बघा, नाली आली. म्हणाल्या, "घरचेबी नेतात मले बाहेर. लग्नाले नेतात, देवळात नेतात. नेतात आन् बसवून ठेवतात. 'कौशल्याताई, तुमी इथंच बसा.' साठ वर्षं झाली, मी इथंच बसून आहे. ही पोरगी मले इचारते, आंटी, काय करायचं? मी म्हटलं, नदीत पाय टाकून बसायचं. वाहत्या पाण्यात. घाटावरून ऐकली आहे मी शिवनाथ पन्नास खेपा, कोणी खालच्या पायरीवर नेलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजय सोडत नव्हती. मागच्या महिन्यात एक जण घसरला ना. मी तिले सांगून आली, डोळेवाला माणूस असते मह्या संग, एकाले एक. त्याच्या भरवशावर आली आहे." गुलाबरावांनी "हं" केलं. खिशातला कागद छातीला टोचत होता. आताही सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. पण सांगितलं की हा हात उठणार, दुसऱ्या कुणाच्या कोपरावर जाणार, आणि आपल्या हाताखाली कुणाचा तरी कोपर येणार. येईना का, त्यासाठीच तर आलो होतो. पण आता हे मिळालं होतं, आणि मिळालेलं सोडवत नाही माणसाला.

आणि न सांगण्याची त्यांना सवय होती, हेही खरं. पूल लागेपर्यंत ते त्या सवयीपाशीच घोटाळत राहिले. रिटायर झाल्यावर कुम्हारीच्या एका लहानशा खाजगी शेडमध्ये त्यांनी क्रेनचं काम धरलं होतं. घरी बसून कंटाळा येतो म्हणून; आणि आपल्यासारखा हात कुणाचा नाही हे ऐकायला आवडतं म्हणून. खाली सिग्नलला श्यामराव होता. श्यामराव काटोलकडचा, हेही तिकडचेच. दोघं एकाच दिवशी प्लांटमध्ये लागले, एकाच वर्षी सुटले, एकमेकांच्या लग्नात वाढपी झाले. कामाला लागून तीन महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी सुरळी पहिल्यांदा ओळखली. म्हणाले, कडेचं दिसणं गेलंय, आता क्रेन चालवू नका. गुलाबरावांनी थेंबांची बाटली घेतली आणि दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन बसले. पंधरा दिवस काही झालं नाही. सोळाव्या दिवशी सळ्यांचा भारा घेऊन क्रेन सरकत होती, गुलाबरावांची नजर भाऱ्यावर होती, आणि श्यामराव जिथं उभा होता ती जागा सुरळीच्या बाहेर होती. भारा त्याच्या टोपीला घासून गेला. टोपी गरगरत जाऊन पडली ती मात्र त्यांना स्पष्ट दिसली. माणूस वाचला, खरचटलंसुद्धा नाही. मालक धावत आला आणि श्यामरावावरच घसरला: हात कुठं होता तुझा? वेळेवर हात करायला काय झालं? म्हातारा झालास. गुलाबराव शिडीवरून उतरत होते. उतरून सांगायचं होतं. उतरेपर्यंत श्यामरावाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून झालं होतं. त्यांना वाटलं श्यामराव भांडेल, वर बोट दाखवेल, ह्याला विचारा म्हणेल. पण श्यामरावानं आपला उजवा हात समोर धरून बघितला, उलटा-सुलटा, आणि टोपी उचलून निघून गेला. रागावला, असं गुलाबरावांनी धरलं. चार दिवसांनी त्यांनी स्वतःही काम सोडलं, उन्हाचा त्रास होतो सांगून. ह्याला आता दीड वर्ष झालं. दिवाळीला श्यामराव फोन करायचा, हे 'बरं आहे, बरं आहे' म्हणून ठेवून द्यायचे. लाज वाटायची. सरळ शब्द हाच आहे, दुसरा शोधायला नको.

घाटावर ऊन छान पसरलं होतं. चौदा माणसं आणि त्यांचे साथी, अशी लांब ओळ. कुणी खारे दाणे खात होतं, कुणी नुसतंच हसत होतं. सपाटीवर गुलाबरावांनी उत्तम काम केलं. सुरळी पायापाशी, मग समोर, मग पायापाशी, अशी ते फिरवत राहिले आणि समोर दिसेल ते सांगत गेले: होडी बांधलेली आहे, बाई धुणं धुते आहे, पलीकडे मोहरी फुलली आहे. कौशल्याबाईंनी विचारलं, "पिवळा कसा असते, असं मी साऱ्याइले इचारते. कोणी हळद म्हणते, कोणी ऊन म्हणते. तुमी काय म्हणता?" गुलाबराव थांबले, विचार केला. म्हणाले, "तापलेलं लोखंड भट्टीतून निघते तवा आधी पांढरं असते, मंग पिवळं. तवा त्याच्यापाशी उभं नाही राहावत." "हे आवडलं मले," कौशल्याबाई म्हणाल्या. "हळदीचं कायम खोटंच वाटलं." त्या वेळी गुलाबराव सुखात होते, अगदी मनापासून. आपण कुणाला तरी काहीतरी दाखवतो आहोत, हे सुख. मग पायऱ्या लागल्या. पाण्याचा आवाज जवळ आला तशी कौशल्याबाईंची बोटं कोपरावर घट्ट झाली. भीतीनं नव्हे, उतावीळपणानं. गुलाबराव मोजत उतरत होते. एक, दोन, तीन. नजर पाण्यावर गेली, कारण पाणी चमकत होतं आणि बाईंना ते सांगायचं होतं.

पाचवी पायरी नव्हती. पुरानं कधी तरी दगड नेला असावा, तिथं नुसता खळगा होता. कौशल्याबाईंची काठी खाली गेली आणि कशालाच लागली नाही. त्यांनी "थांबा" म्हणून कोपर मागे ओढला, तोवर गुलाबरावांचा पाय आत गेला होता. ओढलं नसतं तर दोघंही डोक्यावर गेली असती. गुलाबराव गुडघ्यावर आपटले, बाई त्यांच्या मागे बसकन बसल्या, त्यांचा एक तळहात दगडावर घासत गेला. धावपळ झाली. कुणी पाणी आणलं, कुणी रुमाल. प्रणिताचा चेहरा सुरळीच्या भोकात आला, पांढराफटक. "अद्वैत, हाथ क्यों नहीं दिखाया?" तिनं विचारलं, आणि अद्वैत धापा टाकत म्हणाला, "दाखवला होता. मी इथंच उभा होतो, हात आडवा करून. पता नहीं, शायद लेट हो गया. सॉरी अंकल, चूक माझी आहे." प्रणिता म्हणाली, "पुढच्या वेळी तू पुढे नको राहू. बाकी लोगों का भी सोचना पड़ेगा." अद्वैतनं मान हलवली. मग त्यानं आपल्या हाताकडे बघितलं.

सगळं इथंच मिटत होतं. कुणी गुलाबरावांकडे संशयानं बघत नव्हतं. उलट गुडघ्याला लागलं का विचारत होते. गुलाबरावांना कळलं की आता गप्प बसलं की झालं, कुम्हारीला बसलो तसंच, आणि ह्या माणसाला कॉलेजात शिकवताना, रस्ता ओलांडताना, कधीही आठवत राहील की आपला हात उशिरा गेला. त्यांना वाटलं ते ओरडतील, पण आवाज साधाच निघाला, पाणी मागितल्यासारखा. "त्याचा हात बरोबर होता," ते म्हणाले. "मले दिसला नाही. मले कडेचं काही दिसत नाही. मी साथी नाही, पोरी. मी तुह्या यादीत नाव लिहायले आलो होतो." आणि त्यांनी खिशातला कागद काढून पुढे केला. प्रणितानं तो उलगडून वाचला, पुन्हा घडी केली. "सकाळी का नाही बोललात?" एवढंच तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कौशल्याबाईंच्या हाताला पट्टी बांधायला बसली.

बोलल्या त्या कौशल्याबाई. सगळे थोडे बाजूला झाल्यावर, त्याच पायरीवर बसून. "मले लोक फसवतात, त्याचं काही वाटत नाही आता," त्या म्हणाल्या. "भाजीवाला फसवते, रिक्षावाला फसवते. डोळे नाही तर फसवणारच. पण तुमच्या कोपराले हात लावला की मी माह्यावालं सारं अंग तुमाले देऊन टाकते, हे समजते का तुमाले? पाय कुठं टाकायचा तेबी मी इचारत नाही." गुलाबराव म्हणाले, "चुकलं माझं." "चुकलं नाही. चुकणं येगळं. तुमाले माहीत होतं." आवाज थरथरत होता त्यांचा, आणि तो थरथरतो आहे ह्याचाही त्यांना राग येत होता. "आता ही पट्टी भाऊजय पाहीन. मग कोणती नदी आन् कोणती सहल. कावून केलं असं?" काय सांगायचं? गुलाबरावांनी खरं तेच सांगितलं. "साथी म्हटलं तर बरं वाटलं. दीड वर्ष झालं, कोणी मह्या भरवशावर चाललं नव्हतं." कौशल्याबाई मऊ झाल्या असं नाही, पण उठूनही गेल्या नाहीत. मग गुलाबरावांनी, कुणी विचारलं नसताना, कुम्हारीचं सांगितलं: डॉक्टर, बाटली, सोळावा दिवस, टोपी. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे त्याले सांगितलं?"

"नाही."

"मग मले कावून सांगून राहिले? मी काय देव आहे का, माफ करून टाकाले? फोन लावा त्याले." आणि हात पुढे करून म्हणाल्या, "तुमचं बोलणं होऊ द्या. पण त्याच्या आधी त्या प्रणिताले बोलवा. मले पाण्यात पाय टाकायचे आहेत. त्याच्यासाठी आली मी." प्रणिता आली, अद्वैतही आला, आणि दुसऱ्या बाजूनं, जिथं पायऱ्या धड होत्या तिथून, त्यांनी कौशल्याबाईंना खाली नेलं. गुलाबरावांनी सुरळी तिकडे धरली. बाईंनी चपला काढल्या, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि पाय पाण्यात सोडले. गार लागलं असणार. खांदे एकदम वर गेले. मग त्या तशाच बसून राहिल्या, मान थोडी खाली. आनंद झाला की नाही ते इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. गुडघा ठणकत होता. गुलाबरावांनी फोन काढला, अक्षरं भोकात एक एक धरून नाव शोधलं. दोनदा चुकीच्या माणसाला लागत होता, तो कापला. तिसऱ्यांदा घंटी वाजू लागली तेव्हा त्यांना वाटलं, न उचलला तर बरं. संध्याकाळी भागाबाईंनाही सांगायचं होतं. ते सोपं जाईल असं आता वाटू लागलं होतं. हे सोपं नव्हतं.

"बोल बा गुलाब," श्यामरावाचा आवाज आला. "आज कशी आठवण केली?"

"श्याम, ते कुम्हारीचं सांगतो. मधे बोलू नको, नाहीतर राहून जाईन. तवा मले दिसत नव्हतं. कडेचं काहीच दिसत नव्हतं. डॉक्टरनं क्रेन चालवू नको म्हटलं होतं, पंधरा दिवस आधी. मी कोणाले सांगितलं नाही. मालक तुले बोलला तवाबी नाही सांगितलं."

पलीकडे टीव्ही चालू होता, कुठल्याशा मालिकेतलं रडणं. ते कुणी तरी बंद केलं. गुलाबराव वाट बघत राहिले. शिव्या येतील, याव्यात. चाळीस वर्षांची ओळख तोडून टाकली तरी बोलायला तोंड नव्हतं. श्यामरावानं शिवी दिली नाही. त्यानं फार हळू विचारलं, जणू हे विचारायचीच त्याला धास्ती होती.

"म्हणजे मी हात केला होता?"

"हो."

"वेळेवर?"

"वेळेवर, श्याम. तुह्या हातात काही खोट नव्हती."

फोन श्यामरावानं कानापासून दूर केला असावा, कारण पुढचं गुलाबरावांना लांबून ऐकू आलं, बायकोला सांगितलेलं: "तारा, ऐकून राहिली का? मी हात केला होता. वेळेवर केला होता."